फळ्यावरची आफ्रिका

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने शाळेचा इतिहास सांगावा, असा प्रघात आहे. तो इतिहास आमचे ज्येष्ठ सहकारी आपल्याला सविस्तर सांगणारच आहेत. मी आज आपल्याला एका प्रवासाची हकीकत सांगणार आहे. हा प्रवास माझा नाही. तुम्ही सारे ज्यांना 'भूगोलाच्या बाई' म्हणून ओळखता आणि ज्यांना मी ताई म्हणते, त्यांचा व त्यांच्या यजमानांचा आहे. त्या दोघेही या सभागृहात मागच्या रांगेत बसले आहेत. "माझे नाव घेऊ नकोस, भूगोल सांग," अशी त्यांची अट आहे, आणि ती मी पाळणार आहे.

आपल्यापैकी अनेकांना त्यांचा तास आठवत असेल. कापडी नकाशा खुंटीला टांगलेला असे, पण ताई त्याकडे पाठ करून उभ्या राहत आणि खडू न उचलता एका रेघेत आफ्रिका खंड काढीत. मग निळ्या खडूने चार नद्या: नाईल, काँगो, नायजर आणि झांबेझी. झांबेझी काढताना त्यांचा हात थोडा रेंगाळे. त्यानंतर त्या एक प्रश्न विचारीत, "आफ्रिका आपल्यापासून किती दूर?" मुले हजारो किलोमीटरचे आकडे सांगत. ताई हसून म्हणत, "एके काळी शून्य किलोमीटर." आणि मग त्या गोंडवनाची गोष्ट सांगत. कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे एकाच महाखंडाचे भाग होते. ऑस्ट्रियाचे भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांनी एकोणिसाव्या शतकात त्या प्राचीन भूभागाला जे नाव दिले, ते आपल्या मध्य भारतातील गोंडांच्या मुलखावरून. ज्या मातीवर आपण उभे आहोत, तिचे नाव साऱ्या जगाच्या भूगोलात गेले, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळत असे.

ताईंचे यजमान म्हणजे आमचे भाऊजी. त्यांची सारी नोकरी भिलाई इस्पात संयंत्राच्या रेल मिलमध्ये गेली. सेक्टर २ मधल्या क्वार्टरमध्ये संसार झाला, मुले मोठी झाली, आपापल्या वाटेने गेली. दोघेही निवृत्त झाल्यावर, सारी देणीघेणी आटोपून जी रक्कम हाती उरली, तिच्यातून ताईंनी आफ्रिकेला जायचे ठरवले. नातेवाईकांनी समजूत घालून पाहिली, "चारधाम करायच्या वयात हे काय खूळ?" ताई म्हणाल्या, "काशी-रामेश्वर झाले. आता तीस वर्षे फळ्यावर काढलेली नदी एकदा डोळ्यांनी पाहू दे."

२०२३ च्या ऑगस्टमध्ये दोघे नामिबियाची राजधानी विंडहुक येथे उतरले. टपावर तंबू बसवलेली एक मोठी मोटार त्यांनी भाड्याने घेतली. त्या देशांत वाहने आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, हे कळल्यावर भाऊजींचा निम्मा धीर परत आला. तीन आठवड्यांची वाट ठरली होती: विंडहुकहून उत्तरेला एटोशा राष्ट्रीय उद्यान, तिथून पूर्वेला ओकावांगो नदी, पुढे बोट्स्वानातील चोबे आणि शेवटी झांबेझीचा महाप्रपात. कधी टपावरच्या तंबूत, तर कधी नदीकाठच्या लाकडी निवासात मुक्काम.

पहिला थांबा ओट्झिवारोंगो या गावाजवळ होता. लॉरी मार्कर या अमेरिकन प्राणीशास्त्रज्ञ बाईंनी १९९० मध्ये स्थापन केलेली चित्ता संवर्धन संस्था तिथे आहे. ताईंना तिथे जायचे होते त्याला कारण होते. १७ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात जे आठ चित्ते विमानाने आणले गेले, ते नामिबियातलेच. ताईंना वाटले होते की चित्ता अभयारण्याच्या कुंपणाआड सुखाने नांदत असेल. तिथे गेल्यावर कळले की नामिबियातले बहुसंख्य चित्ते अभयारण्यांबाहेर, शेतकऱ्यांच्या कुरणांवर राहतात. राखीव जंगलात सिंह आणि तरस असतात. ते चित्त्याची शिकार हिसकावून घेतात, त्याची पिल्लेही मारतात. म्हणून चित्ता माणसाच्या वस्तीजवळच्या मोकळ्या रानात येतो. तिथे शेतकऱ्यांच्या शेळ्यामेंढ्या असतात, आणि शेतकऱ्याकडे बंदूक असते. १९८० च्या दशकात तिथे दरवर्षी शेकडो चित्ते मारले जात.

यावर त्या संस्थेने काढलेला उपाय मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो नीट सांगते. त्यांनी शेतकऱ्यांना दोष देण्यात वेळ घालवला नाही. १९९४ पासून त्यांनी तुर्कस्तानातल्या राखणदार कुत्र्यांची पिल्ले शेतकऱ्यांना द्यायला सुरुवात केली. हे पिल्लू लहानपणापासून शेळ्यामेंढ्यांच्या कळपातच वाढते आणि कळपालाच आपले घर मानते. चित्ता जवळ आला की ते उभे राहून भुंकते. चित्ता हा मुळात झुंजणारा प्राणी नाही. वेग हेच त्याचे बळ. पाय जायबंदी झाला तर तो उपाशी मरेल. म्हणून तो कुत्र्याशी न भिडता निघून जातो. शेळी वाचते, चित्ताही वाचतो आणि शेतकऱ्याला बंदूक उचलावी लागत नाही. ताईंनी त्या कुत्र्याचा फोटो चित्त्याच्या फोटोपेक्षा मोठा करून आणला आहे.

तिथून दोघे एटोशाला गेले. एटोशा म्हणजे सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचे एक कोरडे, पांढरे, खारट मैदान. त्याच्या कडेकडेने पाणवठे आहेत. ओकाउकुएयो येथील मुक्कामाच्या जागेला लागूनच असा एक पाणवठा आहे. रात्री त्यावर मंद दिवे असतात आणि दगडी भिंतीच्या अलीकडे बाकांवर माणसे बसतात. भाऊजी सांगतात, "जन्मभर भट्ट्यांच्या, रोलिंगच्या आवाजात राहिलो. इतकी माणसे एकत्र बसली आहेत आणि कोणी खोकतसुद्धा नाही, हे पहिल्यांदा पाहिले." रात्री अकराच्या सुमारास हत्तींचा कळप आला. काळा गेंडा बाजूला थांबून राहिला. हत्तींचे पाणी पिऊन झाल्यावरच तो पुढे झाला.

एटोशानंतर वाट पूर्वेकडे वळते आणि ओकावांगो नदीला भेटते. या नदीवर ताई वर्गात आवर्जून प्रश्न विचारीत, "समुद्राला न मिळणारी मोठी नदी कोणती?" अंगोलाच्या डोंगरांत जन्मणारी ही नदी शेवटी कलहारीच्या वाळूत पसरते आणि तिथेच विरून जाते. तिचा हा त्रिभुज प्रदेश २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीतले हजारावे स्थळ ठरला. गंमत अशी की अंगोलात पाऊस पडतो वर्षाच्या सुरुवातीला, पण ते पाणी सपाट मुलखातून इतके संथ वाहते की त्रिभुज प्रदेशात पूर येतो तो ऐन कोरड्या ऋतूत. आभाळात ढग नाही आणि नदी मात्र दुथडी! ताई म्हणाल्या, "हे मी किती वर्षे शिकवले. समजले मात्र त्या काठावर उभे राहिल्यावर."

त्याच परिसरात त्यांची मोटार वाळूत रुतली. एका नदीकाठच्या निवासाकडे जाणारा कच्चा रस्ता होता. भाऊजी जितका वेग वाढवीत, तितकी चाके खोल जात. दोनशे साठ मीटर लांबीचे रूळ तयार करणाऱ्या कारखान्यातला हा माणूस हातभर वाळूपुढे हरला. तेवढ्यात डोक्यावर पाण्याचे भांडे घेतलेली एक बाई आणि तिची तीन मुले आली. भाषा एकमेकांना येत नव्हती. तिने चाकाला हात लावून खुणेने सांगितले, हवा कमी करा. हवा कमी केल्यावर चाक पसरले, वाळूवर टेकले आणि मोटार बाहेर आली. पैसे देऊ केले तर तिने मान हलवली. मग ताईंनी डबा उघडून घरचा चिवडा दिला. मुलांनी तो तिथेच उभ्या उभ्या संपवला. त्यापुढचा रस्ता बवाब्वाता राष्ट्रीय उद्यानातून जातो. या उद्यानात हत्ती आहेत आणि माणसांची गावेही आहेत. रान राखायचे म्हणजे माणूस हुसकायचाच, असे नसते, हे तिथे दिसते. ते सोपे असते असे मात्र कोणी म्हणू नये. हत्ती पिकात शिरतात, रात्री राखण करावी लागते. सरगुजा, कोरबा, रायगढ या आपल्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

बोट्स्वानात चोबे नदीच्या काठी त्यांनी तीन दिवस मुक्काम केला. जगात सर्वांत अधिक हत्ती या एका देशात आहेत, सुमारे १,३०,०००. चोबेच्या पात्रात सेडुडू नावाचे गवताळ बेट आहे. हे बेट कोणाचे, यावर बोट्स्वाना आणि नामिबिया यांच्यात वाद होता. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते बोट्स्वानाला दिले. संध्याकाळी नावेतून पाहताना हत्तींचा कळप पाण्यात उतरला. पिल्लांना मधे घेऊन, सोंडा पाण्यावर धरून, तो कळप पोहत त्या बेटावर गेला. "कोणत्या न्यायालयाने त्यांना परवाना दिला असेल?" असे ताईंनी मला त्या रात्री संदेशात लिहिले होते.

पुढे कझुंगुला येथे झांबेझी ओलांडायची. २०२१ पर्यंत इथे तराफ्यावरून वाहने नेत. आता ९२३ मीटर लांबीचा नवा पूल झाला आहे आणि त्याच्या मधोमध रेल्वेचा मार्ग आहे. भाऊजींनी तिथे रूळ किती वेळ पाहिले, ते ताईंनाच विचारा. महाप्रपातापाशीही तेच झाले. स्थानिक लोक त्याला 'मोसी-ओआ-तुन्या' म्हणतात, म्हणजे गर्जणारा धूर. सुमारे १.७ किलोमीटर रुंदीची नदी १०८ मीटर खाली कोसळते. ताई भिजत, डोळे पुसत उभ्या होत्या. भाऊजी मात्र पाठ फिरवून १९०५ साली उभारलेला पोलादी कमानीचा पूल न्याहाळत होते. इंग्लंडमध्ये घडवलेले त्याचे भाग जहाजाने आणि रेल्वेने आणून इथे जोडले गेले. "एवढ्या तुषारांत सव्वाशे वर्षांच्या सुमारास टिकले, याला म्हणतात पोलाद!" हे त्यांचे प्रपातवर्णन.

त्या प्रपाताजवळ डॉ. लिव्हिंगस्टन यांचा पुतळा आहे. त्यांनी हा प्रपात १८५५ मध्ये पाहिला. पुतळ्यापाशी ताईंना नाशिक आठवले. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांसाठी त्या काळी नाशिकजवळ शरणपूर येथे मिशनऱ्यांनी आश्रयस्थान आणि शाळा चालवली होती. तिथे शिकलेली काही मुले पुढे लिव्हिंगस्टन यांच्या मोहिमेत गेली. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातील चितांबो या गावी लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा नाशिकच्या शाळेत शिकलेल्या जेकब वेनराइट या तरुणाने त्यांच्यासाठी प्रार्थना म्हटली आणि झाडावर त्यांचे नाव कोरले. चुमा, सुसी आणि इतर सोबत्यांनी त्यांचा देह कित्येक महिने पायी चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेला. जेकब तो देह घेऊन लंडनपर्यंत गेला. गोदावरीकाठच्या एका शाळेत गिरवलेली अक्षरे झांबियातल्या झाडावर उमटली. शाळेचा विद्यार्थी कुठवर जाईल, हे शाळेला कधीच माहीत नसते. आज तुम्ही सारे परत आला आहात म्हणून हे मला विशेष जाणवते.

आता या हकीकतीचा शेवट सांगते. तो आफ्रिकेत झाला नाही, आपल्या सहावीच्या वर्गात झाला.

परत आल्यावर ताईंनी मुलांना छायाचित्रे दाखवली. चित्त्याचे चित्र आले, तेव्हा एका मुलीने विचारले, "बाई, आपल्याकडे चित्ता नव्हताच का?" ताई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी सांगितले की 'चित्ता' हा शब्दच आपला आहे, संस्कृत 'चित्रक' या शब्दापासून आलेला. इंग्रजीनेही तो आपल्याकडूनच उचलला. आपल्या राजेमहाराजांकडे शिकारीसाठी पाळलेले चित्ते असत. रानातले चित्ते इतके विरळ झाले की कोल्हापूर आणि भावनगर संस्थानांना विसाव्या शतकात ते आफ्रिकेतून मागवावे लागले. आणि भारतातल्या रानात शेवटचे म्हणून नोंदलेले तीन चित्ते १९४७ मध्ये मारले गेले, ते कोरिया संस्थानात, तिथल्या महाराजांच्या गोळीने. कोरिया म्हणजे आपल्याच छत्तीसगढचा जिल्हा, इथून एका दिवसाच्या मोटारप्रवासाच्या अंतरावरचा. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

वर्ग गप्प झाला. मग त्याच मुलीने विचारले, "म्हणजे महाराजांनी चित्ता संपवला?" ताईंचे उत्तर मी दाराशी उभी राहून ऐकले. त्या म्हणाल्या, "बाळ, गोळी ही शेवटची गोष्ट. त्याआधी शंभर वर्षे त्याची कुरणे गेली, हरणे गेली, पिल्ले पकडून नेली. त्या साऱ्या काळात प्रत्येकाला वाटत होते, अजून पुष्कळ आहेत."

पालकहो, ते वाक्य ऐकून मी माझ्या खोलीत येऊन बसले. समोर त्या वर्षीचा पटाचा तक्ता होता. विदर्भातून, नागपूर-भंडारा-गोंदियाहून, कारखान्यात नोकरीला आलेल्या कुटुंबांनी ही शाळा उभी केली. ज्या इयत्तांच्या दोन-दोन, तीन-तीन तुकड्या भरत, तिथे आज एक तुकडी आहे, आणि तीही पूर्ण नाही. हे मी आजवर व्यासपीठावरून बोलले नव्हते. दुसरे एक मी खासगीतही फारसे बोलले नाही, ते आज बोलते. मी स्वतः माझ्या मुलाला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले. मराठीत एम. ए. केलेल्या, मराठी शाळेत शिकवणाऱ्या बाईने. मला भीती वाटली होती की तो मागे पडेल. आज तो उत्तम नोकरीत आहे. आपल्या आजीचे जपून ठेवलेले पत्र मात्र तो मला वाचून दाखवायला सांगतो.

म्हणून मी कोणत्याही पालकाला दोष देणार नाही. मला तो अधिकार नाही, आणि दोष देऊन काही वाचतही नाही. ओट्झिवारोंगोच्या त्या कुरणात शेतकऱ्याला कोणी चित्त्यावर प्रेम करण्याचे व्याख्यान दिले नाही. त्याची भीती खरी आहे हे आधी मान्य केले, आणि मग तिच्यावर उपाय दिला. आम्ही आमच्या परीने तेच करू पाहतो आहोत. चालू वर्षापासून पहिलीपासूनच संभाषणाच्या इंग्रजीचा रोज एक तास सुरू केला आहे. शिवाय दर शनिवारी दुपारी, इंग्रजी आणि हिंदी माध्यमात शिकणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांसाठी मराठी वाचन-लेखनाचा मोफत वर्ग चालतो. पहिल्या शनिवारी चार मुले आली होती. गेल्या शनिवारी सतरा होती. त्या वर्गाला भूगोल ताई शिकवतात, मराठीतून. आणि भाऊजी रूळ कसा तयार होतो ते सांगतात, तेही मराठीतून.

माजी विद्यार्थ्यांनो, तुम्ही शाळेला देणग्या देता, त्याबद्दल शाळा ऋणी आहे. आज मी देणगी मागत नाही. जे भिलाई-दुर्ग परिसरात आहेत, त्यांनी महिन्यातून एक शनिवार द्यावा. जे दूर आहेत, त्यांनी आपल्या मुलांना आठवड्यातून एक पत्र मराठीत लिहायला लावावे, आणि ते आमच्या मुलांना पाठवावे. आमची मुले उत्तर लिहितील.

कुनोत परदेशातून आणलेल्या चित्त्यांपैकी काही दगावले, आणि काहींना तिथेच पिल्ले झाली. एकदा गेलेले परत आणणे किती कष्टाचे असते, हे त्यावरून समजावे. आपल्याकडे अजून गेलेले नाही. एक तुकडी आहे, सतरा मुले आहेत, आणि मागच्या रांगेत एक निवृत्त शिक्षिका बसल्या आहेत, ज्या खडू न उचलता एका रेघेत आफ्रिका काढू शकतात. येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता त्या पुन्हा काढणार आहेत. आपण जरूर यावे.

जय हिंद! जय महाराष्ट्र! जय छत्तीसगढ!